सातवीचं पान

तिने पुस्तक आरशासमोरच्या फळीवर असं आपटलं की दोन कंगवे खाली पडले. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी दचकलं.

"पान बावीस," ती म्हणाली. "वाच."

पोपटने वस्तरा बाजूला धरला. नऊ भावंडांतला हा तिसरा. लहानपणी सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढायचा, म्हणून हे नाव पडलं आणि साठी उलटली तरी चिकटून राहिलं. "अगं, यांची दाढी तरी पुरी होऊ दे."

"होऊ दे की. मी काही इथून हलत नाही." ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

पुस्तक ताईचं होतं. थोरल्या बहिणीने दोन वर्षं खपून घराचा इतिहास लिहिला होता, छापून आणला होता आणि काल प्रत्येकाकडे एकेक प्रत पोचवली होती. उद्या सगळा गोतावळा ताईकडे जमणार होता आणि पोपट त्यातलं निवडक ज्याच्या त्याच्या आवाजात वाचून दाखवणार होता. दोन नंबरच्या भावाच्या जन्माच्या दिवशी छप्पर कसं उडालं, पाचवी दोन दात घेऊनच कशी आली, सगळं त्यात होतं. सातवीच्या, म्हणजे तिच्या पानावर मात्र जन्म नाही, रांगणं नाही. सुरुवातच थेट बोटीच्या धक्क्यापासून.

ती गोष्ट ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. बिऱ्हाड नदीपलीकडे हलवायचं होतं. नऊ पोरं आणि अकरा बोचकी. बोटीत चढल्यावर बाबांनी नेहमीसारखी हजेरी घेतली. ज्याने त्याने आपापला नंबर ओरडायचा. चार वर्षांची सातवी धक्क्यावरच्या खोलीत बाकावर झोपून गेली होती. पोपटने गंमत म्हणून तिच्या आवाजात "सात!" ओरडून दिलं. बोट सुटली. पलीकडे पोचल्यावर आईच्या लक्षात आलं. बाबा उलटपावली परत गेले आणि संध्याकाळच्या बोटीने तिला घेऊन आले. एवढं सांगून पोपट समोरच्याकडे टाळी मागायचा. बाकीची भावंडं मात्र ताटात बघत राहायची.

"ताईला फोन केला सकाळी," ती म्हणाली. "तर म्हणते, इतक्या पोरांत कुणाकुणाचं लक्षात ठेवणार? पाचवीचे दात बरे लक्षात राहिले!"

"ताईचं वय झालंय."

"माझं नाही झालं? कारखान्यात तीस बायका माझ्या हाताखाली कापड कापतात. मी आले की गप्प होतात. आणि घरात मी कोण? धक्क्यावर विसरलेली! माझी पोरंसुद्धा हसतात."

गिऱ्हाइकाने डोळे मिटून घेतले. पोपटने दुसरा गाल घेतला.

"मला काय आठवतं सांगू? तो बाक आठवतो. आणि बाबा वाकून विचारतायत, 'येतेस का घरी?' पोर हरवलेला बाप असं विचारतो? चहाला बोलावल्यासारखं?"

"बाबा हळूच बोलायचे."

"आणि आई! एकेक फ्रॉक आपल्या घरात चौघींच्या अंगावरून उतरायचा. मला त्या वर्षी सगळं नवंकोरं. जुन्या ट्रंकेला कुलूप, हात लावायची सोय नाही. त्यावरून पाचवीने मला किती छळलं! लाच होती ती, दादा. पोर विसरल्याची लाच."

पोपटने गिऱ्हाइकाचा चेहरा पुसला, खांद्यावरचा टॉवेल झटकला. गिऱ्हाईक जिवावरचं संकट टळल्यासारखं पळालं.

"आता नीट ऐक," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. "उद्या वाचायच्या आधी उभं राहायचं. सगळ्या नातवंडांसमोर. माझ्या वात्रटपणामुळे माझी बहीण मागे राहिली, मी तिची माफी मागतो, एवढंच म्हणायचं. नाहीतर मी येणार नाही. उद्याच नाही, कधीच नाही. तुम्ही आठजण बसा खिदळत. मला एक घर होतं हे मी विसरून जाईन."

"असं नको बोलूस."

"पन्नास वर्षं झाली! एकदा तरी माफी मागितलीस?"

पोपट दारापाशी गेला. त्याने दाराला आतून कडी घातली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर येऊन बसला. इतक्या वर्षांत तिने त्याला गिऱ्हाइकाच्या जागी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ती गोष्ट हसत सांगायची, असं बाबांनी मला बजावलं होतं," तो म्हणाला. "रडत सांगितलीस तर लोक खोदून विचारतील, म्हणाले."

"बाबांना मध्ये आणू नकोस. माफी मागतोस की नाही?"

"मागायची आहे गं. रोज मागायची असते."

"मग माग ना!"

"ती सातवी कधी सापडलीच नाही," पोपट म्हणाला. "आठव्या दिवशी बाबा तुला घेऊन आले."