शुक्रवारची जपमाळ

शेवटच्या घटका मोजणाऱ्या आईच्या उशाशी बसूनच मयताचे बेत चालले होते. भावाला बँड हवा होता, वहिनीला पितळी कड्यांची शवपेटी. ब्रिजितला दोघांची किळस आली. म्हातारीला कधी वेळेवर पेज दिली नाही, आणि आता हा थाट!

तसा तिला देवाचाही तिटकाराच. चर्चची पायरी ती कित्येक वर्षांत चढली नव्हती.

वहिनीने जपमाळ हातात घेतली. "आनंदाचं पहिलं रहस्य..."

"आज शुक्रवार, वहिनी! शुक्रवारी येशूच्या दुःखाची रहस्यं म्हणतात, आनंदाची नाही. एवढंही ठाऊक नाही?"

"मग तूच म्हण."

ब्रिजितने माळ हिसकावली. लहानपणी आईने घोकून घेतलेलं सगळं न अडखळता ओठांवर आलं, आईच्याच चालीत. छातीवरचं दडपण उतरत गेलं.

शेवटच्या मण्यानंतर सगळे उठू लागले.

"बसा गुमान," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली.