बागेकडची खोली

“पलंग आखूड वाटतो हो,” आजी म्हणाल्या आणि वितीने मोजायला लागल्या.

ताईंना हसू आलं. “अहो आजी, तुमच्यासारख्या दोघी मावतील यात!”

आजीही हसल्या, पण मोजायच्या काही थांबल्या नाहीत.

या वृद्धाश्रमाचा कारभार ताईंच्या हाती येऊन बरीच वर्षं झाली होती. बघायला येणाऱ्या माणसांची पारख आपल्याला आहे असं त्यांना वाटायचं. एरवी मुलं बोलायची आणि म्हातारी माणसं गप्प बसायची. इथे उलटंच होतं. आजी ऐंशीच्या घरातल्या, काडीसारख्या, पण प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या. मुलगा पन्नाशीचा, उंचापुरा, कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. तो खिडकीशी उभा राहून बाग बघत होता. जड पिशवी आईच्या खांद्यावर होती.

“खोली कशी वाटली, साहेब?” ताईंनी मुद्दाम विचारलं.

“छान आहे. उत्तम,” तो हसून म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

आजी न्हाणीघरात शिरल्या. गरम पाण्याचा नळ सोडून त्यांनी धारेखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

“पाणी कोण काढून देतं?”

“आमच्या बाया असतात ना. अंघोळीला सोबतही थांबतात.”

“रागावतात का?”

“कोण?”

“त्या बाया. एखाद्याने तेच तेच विचारलं, कपडे खराब केले, तर?” आजींनी ताईंच्या डोळ्यांत रोखून बघितलं. “खरं सांगा. वरच्या आवाजाची फार भीती वाटते हो.”

नेहमीचं गुळगुळीत उत्तर ताईंनी बाजूला ठेवलं. “वैतागते एखादी कधीतरी. पण हात कोणी उगारत नाही. तेवढं मी होऊ देत नाही.”

आजींनी मान हलवली. गोड बोलून वेळ मारून नेली नाही, याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

“फाटकाला कुलूप असतं?”

“असतं. पण कोंडल्यासारखं नाही वाटणार हं, बागेत केव्हाही...”

“असू दे,” आजी म्हणाल्या. “कुलूप असू दे.”

व्हरांड्यातून परत येताना आजींनी मुलाचा हात घट्ट धरला होता. चला, तेवढा आधार तरी देतो, असं ताईंच्या मनात आलं.

“आधी कुठे बघितलंत?”

“दोन ठिकाणी. नदीपलीकडचा आश्रम चकाचक, पण सगळ्यांना टीव्हीपुढे बसवून ठेवलेलं. कोणी कोणाशी बोलेना. चौकातल्या आश्रमात माया होती, पण जिना उभा आणि कठडा हलणारा. तरी म्हटलं, चालवून घेऊ. तर त्यांनीच नको म्हटलं. दोघांनीही.”

“का बरं?”

“वय आड आलं.”

“वयाचं काय घेऊन बसलात, आजी! आमच्याकडे नव्वदी ओलांडलेल्यासुद्धा आहेत.”

आजी काहीतरी बोलणार होत्या. “आधी सगळं बघून तरी घेते,” एवढंच त्या म्हणाल्या.

“घरी नाहीच का जमत?” मुलाच्या कानावर जाईल अशा बेताने ताईंनी विचारलं.

“रेटलं तेवढं रेटलं. आता शरीर साथ देत नाही. मध्यंतरी न्हाणीघरात पडले. उठता येईना. हाका मारमार मारल्या. हा आला, दारातून बघितलं आणि परत जाऊन बसला. शेजारीण आली तेव्हा कुठे उठले.”

ताई चालता चालता थबकल्या. मुलगा एका दाराची कडी खालीवर करत होता.

“आणि सूनबाई?”

“गेली ती. तिला नाही झेपलं. तिला बोल लावून काय करू?”

कचेरीत चहा आला. मुलाने बशीतली बिस्किटं एकामागून एक संपवली. आजींनी आपल्या वाट्याचं बिस्किटही त्याच्यापुढे सरकवलं. मग त्यांचं लक्ष त्याच्या बुटाकडे गेलं. नाडी सुटली होती. त्या खुर्चीचा हात धरून कशाबशा खाली वाकल्या. त्याने पाय पुढे केला आणि चहाचा घोट घेतला. आजी खाली बसून नाडी बांधत राहिल्या.

घरच्यांच्या भानगडीत पडायचं नाही, ही ताईंची शिस्त होती. किती मुलं आली, आईबापांना सोडून गेली, आणि ताई गप्प राहिल्या. गप्प राहण्यावाचून त्यांच्या हातात तरी काय होतं? आज मात्र त्यांचा तोल गेला.

“साहेब, राग येऊ देऊ नका. पण जरा बघा हो आईकडे! या वयात ती तुमच्या पायाशी बसलीय आणि तुम्ही चहा पिताय?”

“ताई, नका...” आजी खालूनच म्हणाल्या.

“नाही आजी, आज बोलू द्या मला. बागेकडची खोली मी देते. पण साहेब, जाण्याआधी एकदा तरी नीट बघा यांच्याकडे. निदान एकदा!”

मुलगा दचकला. कप त्याने दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. मग सांगितलं तसं त्याने आजींकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शेवटी तो ताईंकडे झुकला आणि आजींना वाईट वाटू नये म्हणून आवाज अगदी हळू केला.

“या आजी फार चांगल्या आहेत. सकाळपासून माझ्याबरोबर आहेत. पण बाई, माझी आई मला न्यायला कधी येणार?”