विचारायचं राहून गेलं

न्यूमोनियामुळे जैनब व्हेंटिलेटरवर होती. घशातली नळी सोसावी म्हणून तिला सतत झोपेचं औषध चालू होतं. तिचे पती जब्बारभाई रोज बिबवेवाडीहून येऊन आयसीयूच्या काचेबाहेर उभे राहत. पोटापाशी चादर दिवसेंदिवस वर येतेय, असं त्यांना वाटे.

"काका, काही विचारायचंय?" तरुण डॉक्टरबाई बाहेर येऊन रोज विचारत.

जब्बारभाई शेजारच्या सिस्टरकडे बघत आणि ओठांवर आलेलं गिळून टाकत. "नाही. शांत झोपलीय, बरं वाटतं."

नवव्या दिवशी डॉक्टर धावतच बाहेर आल्या. "काका, ऑपरेशनसाठी सही करा. झोपेच्या औषधांनी आतडंही सुस्तावतं. नऊ दिवस त्यांना शौचाला झालं नव्हतं. आमच्या लक्षात यायला उशीर झाला. आतडं फुटलंय."

जब्बारभाईंच्या हातातलं पेन थांबलं. चाळीस वर्षं रोज सकाळी, पाहुणे बसलेले असले तरी, जैनब चहा देताना खणखणीत आवाजात विचारायची, "काय हो, पोट साफ झालं का?" आणि ते लाजेनं मान खाली घालायचे.

"डॉक्टर," ते कसेबसे म्हणाले, "मला रोज तेवढंच विचारायचं होतं."