तरी उघड

बिबट्या गोठ्याच्या कोपऱ्याला शेळी धरून बसला होता. ओट्यापासून पंचवीस-तीस पावलांवर. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, तरी तो हलत नव्हता.

आरतीनं ओट्यावरचा जनरेटर चाकांवर ओढत पडवीत घेतला आणि दाराला आतून कडी घातली. सासूनं, कुशाबाईंनी, तसंच सांगितलं होतं. ट्रान्सफॉर्मर जळून दोन दिवस झाले होते. सासरे सोपानराव ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि ते मशीन या जनरेटरवर चालत होतं. पेट्रोल संपलं तर बाहेर जाऊन ओतायचं कुणी? निरगुडसर गावापासून आत मळ्यातलं हे एकच घर. तिन्ही बाजूंनी ऊस.

वनखात्याचा माणूस फोनवर म्हणाला होता, निघालोय, तासभर लागेल, तोवर दार-खिडकी काही उघडू नका. कुशाबाईंनी खिडक्यांच्या फटींतसुद्धा चिंध्या कोंबल्या.

जनरेटर धडधडत राहिला. अर्ध्या तासानं आरतीचं डोकं ठणकायला लागलं. भीतीनं असेल, असं तिला वाटलं. सोपानरावांनी मळमळतंय म्हणून खूण केली. कुशाबाई मघापासून भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होत्या, त्या गप्प झाल्या. आरतीनं हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, पण त्यांना काही दिसलं असं वाटलं नाही.

तेवढ्यात नवऱ्याचा, अमृतचा फोन आला. तो मंचरला सिलिंडर आणायला गेला होता.

"एवढा आवाज कसला? जनरेटर कुठंय?"

"आत घेतलाय."

"आत? बंद कर आधी. त्याच्या धुरानं माणूस मरतं. दार उघड."

"दारात बिबट्या हाय."



"तरी उघड."

तिनं जनरेटरचं बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं. ऑक्सिजनचं मशीन शिट्टीसारखं वाजून थांबलं आणि सोपानरावांचा श्वास ऐकू यायला लागला. आरतीचे पाय चिखलात रुतल्यासारखे झाले होते. कडी तिसऱ्यांदा ओढल्यावर निघाली. तिनं दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

बिबट्यानं मान वर केली. त्याचं तोंड लाल होतं.

कुशाबाईंना काखेत धरून तिनं उंबऱ्यापर्यंत ओढलं. मागच्या खिडकीतल्या चिंध्या काढून ती उघडली. कुशाबाई खोकल्या, ओकल्या. पण सोपानरावांचे ओठ निळे पडायला लागले होते.

जनरेटर पुन्हा सुरू करायलाच हवा होता, आणि तो आत चालणार नव्हता.

मोटरसायकल चढवायच्या उतारावरून तिनं तो अंगणात उतरवला. वायर जाईल तितका लांब नेला. एकेक पाऊल बिबट्याच्याच दिशेनं पडत होतं. धुराचं तोंड उसाकडं वळवलं आणि बिबट्याकडं न बघता दोरी ओढली. दोनदा नुसती फडफड झाली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

बिबट्या उभा राहिला.

आरती पळाली नाही. तोंड त्याच्याकडंच ठेवून, मागच्या मागं चालत ती ओट्यावर आली. बिबट्यानं शेळी चार हात मागं ओढली आणि पुन्हा बसला.

तिनं सोपानरावांना लांब नळीसकट दाराशी आणलं. हळूहळू त्यांच्या ओठांचा रंग पालटला. कुशाबाईंना शुद्ध आली तसं त्यांना समोरचं अंगण दिसलं. त्यांचा हात चाचपडत दाराच्या फळीकडं गेला.

"कडी घाल गं," त्या पुटपुटल्या.

आरतीनं त्यांचा हात धरून मांडीवर ठेवला.

"एवढ्यात न्हाई, आत्या. आतला धूर जाऊ द्या."

तिघंही उघड्या दारात बसून राहिली. समोर बिबट्या खात होता. मधूनच तो मान वर करून त्यांच्याकडं बघायचा, आणि तिघांचाही श्वास तेवढ्यापुरता थांबायचा. मग तिघंही पुन्हा श्वास घ्यायला लागायची.