नरसीपूरचं लोखंड

मैसूरच्या दसऱ्यातल्या नाटकासाठी तुंगाने आठ दिवस खपून नवऱ्याचं, हयग्रीवरावांचं, कागदी चिलखत मजबूत केलं. खळीने थरावर थर चढवले, आतून मांजरपाट डकवलं, पॉलिश पेपरने घासून वर चंदेरी रंगाचे दोन हात दिले. श्रेय गेलं लोहाराला. हयग्रीवराव मंडळभर सांगत सुटले, “अस्सल लोखंड! नरसीपूरला घडवून घेतलंय.”

“अहो, कागदाचं आहे म्हणून सांगून टाका की.”

“सुम्मनिरु! तोंड उघडू नकोस. माझा मान जाईल.”



&nbsp;

लढाईच्या प्रवेशाला, शत्रूच्या वेषातला नरसिंह रंगमंचावर धावता धावता विंगेत उभ्या तुंगाला म्हणाला, “वहिनी, लोखंडावर ठिणग्या उडायला हव्यात ना, म्हणून आज खरी तलवार घेतलीय!”