डोंगरीच्या थांब्यावर

"या वर्षी रजा नाही मिळाली," असं लोकेशनं बर्लिनहून आईला कळवलं होतं. प्रत्यक्षात तो महिनाभर मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून स्पिती, हंपी, गोकर्ण फिरत होता. घरी गेलं की आठवडा तिथंच मोडेल, असं त्याला वाटलं होतं. परतीच्या विमानाला दोन दिवस उरले, तेव्हा मित्रांनी समुद्राजवळ स्वस्त खोली घेतली, ती नेमकी किनाऱ्यावरच्या डोंगरी गावात. पूनम सागर वसाहतीतलं त्याचं घर तिथून तासाभरावर होतं.

रविवारी सकाळी तो थांब्याजवळच्या दुकानात पाणी घेत असताना बसमधून त्याचे वडील उतरले. मागून पांढऱ्या साडीतली आई उतरत होती. दोघं जवळच्या बौद्ध पॅगोड्याला निघाले होते. वडिलांनी त्याला पाहिलं आणि ते क्षणभर थबकले. मग त्यांनी छत्री उघडून आईच्या आणि त्याच्या मधे तिरकी धरली. "ऊन लागेल तुला, चल," म्हणत ते तिला पुढे घेऊन गेले. लोकेशला हाक मारवली नाही.

दुपारी वडिलांचा फोन आला.

"तिला काही बोललो नाही मी. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत असते, पोराला रजा मिळाली की धावत येईल म्हणून."

"पप्पा, मी आत्ता निघतोय घरी."

"ये ना. घर तुझंच आहे," वडील शांतपणे म्हणाले. "पण आल्या आल्या ती विचारेल, किती दिवस आहेस. काय सांगशील?"