सोमाजीची खुर्ची

नारायणगावातल्या दुसऱ्या सलूनवाल्यानेही हात टेकले. त्याने ओतियेनोच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारला, तसे ते बारीक कुरळे केस आणखीच आखडून बसले आणि फणीचे तीन दात त्यात मोडून अडकले.

"पावणं, आपला हात न्हाई चालत ह्याच्यावर," तो कपिलला म्हणाला. "महाळुंग्याच्या सोमाजीकडं न्या. पुण्यात असताना आफ्रिकेच्या पोरांची कटिंग करायचा त्यो."

कपिलला हसूच आलं. ज्या सोमाजीला स्वतःच्या गावातल्या कपिलचे केस जमत नव्हते, तो केनियाच्या माणसाचे काय कापणार!

ओतियेनो खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर दोन महिन्यांसाठी आलेला इंजिनिअर, आणि कपिल त्याच्या भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर. उद्या ओतियेनोला मोठ्या पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायचं होतं.

"इधर भी नहीं?" त्याने विचारलं आणि तो हसला. ते हसू कपिलच्या चांगलंच ओळखीचं होतं.

दहा वर्षांपूर्वी सोमाजीने पुण्याहून येऊन महाळुंग्यात फिरती खुर्ची आणि भिंतभर आरसा लावला, तेव्हा सगळ्या गावात त्याचीच चर्चा. बौद्धवस्तीतली माणसं मात्र लिंबाखाली खंडूआज्याच्या मशीनपुढे माना वाकवून बसत. कपिल नुकताच बारावी झालेला. त्याला त्या आरशासमोर बसायचं होतं, एवढीच त्याची हौस. पण एकट्याने जायचा धीर होईना.

"तू थांब हितं. मी इचारून येतो," गोरख म्हणाला. गोरख म्हणजे वरच्या आळीतल्या बागायतदाराचा मुलगा, पहिलीपासून कपिलच्या शेजारी बसलेला.

कपिल चिंचेखाली उभा राहिला. गोरख तावातावाने आत गेला आणि मान खाली घालून बाहेर आला.

"सोड राव. तुझे केस राठ हायेत, हात बसत न्हाई म्हणतो. खरं काय त्ये तुला कळतंयच. बस गाडीवर, नारायणगावला जाऊ."

तेव्हापासून दर महिन्याला गोरखची राजदूत आणि नारायणगावचं सलून. पावसापाण्यातही खंड नाही. असा मित्र दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं कपिल बायकोला सांगायचा. गोरख स्वतः सोमाजीकडेच बसे. "घरचे बोलत्यात म्हणून जातो, नायतर थुकलो नसतो त्याच्या दारात," म्हणायचा. कपिलने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्याचा सगळा राग सोमाजीवर होता.

पण आज दुसरा इलाज नव्हता. त्याने जीप महाळुंग्याच्या रस्त्याला लावली.

ओतियेनोला दारात बघून सोमाजीचा चेहरा फुलला. त्याने फवारा बाजूला सारला. "ह्ये केस भिजवायचे नसत्यात," म्हणत खणातून रुंद दातांची फणी काढली, कोरडेच केस हळूहळू मोकळे केले आणि मशीन चालू केली. कानामागची कड अशी उतरली की जणू दोरा धरून आखली. ओतियेनोने आरशात पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि उठून सोमाजीला मिठीच मारली. मग तो कौतुकाने जीपच्या आरशात पुन्हा एकदा बघायला बाहेर गेला.

कपिल अजून उंबऱ्याबाहेरच होता. दहा वर्षं आपल्याला फसवलं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्याचे जमले व्हय रे, सोमाजी?"

"जमले की."

"आन् माझे राठ? दहा वर्सं मी परक्या गावात जाऊन डोकं भादरून घेतोय. माझी पोरगी इचारती, 'पप्पा, आपल्या गावात दुकान असताना तुमी लांब का जाता?' तिला मी काय सांगू? केसच वाईट हायेत म्हणून सांगितलं मी तिला! मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं. सरळ तोंडावर जात सांगायचीस. गोरखसारखा माणूस माझ्यासाठी तुझ्याशी भांडला, त्याची तरी लाज ठिवायची!"

सोमाजी झाडू घेऊन खाली पडलेले केस गोळा करत होता. तो थांबला.

"तुला कोण म्हणलं, राठ म्हणून?"

"तूच म्हणला व्हतास. गोरखला."

सोमाजीला वर बघवेना.

"मी भ्यालो, त्यो गुन्हा माझा," तो म्हणाला. "पर मी न्हाई म्हणलो नव्हतो, कपिल. 'येऊ दे की, बसवतो,' आसंच म्हणलो व्हतो. तवा गोरखच मला म्हणला, 'त्यो ह्या खुर्चीत बसला, तर मी बसायचो न्हाई, आन् आमच्या आळीतल्या कुणाला बसू द्यायचो न्हाई.'"